चढावर गाडी मागे येते

मला पक्कं लायसन्स २०११ साली मिळालं. परीक्षा जेमतेम तीन मिनिटांची झाली. सपाट मैदान, क्लासची गाडी, शेजारी क्लासचे सर. पुढे घ्या, वळवा, थोडी मागे घ्या, उतरा, पुढचा कोण आहे? माझ्या मागे रांगेत तीस-चाळीस जण उभे होते. त्यांतलं कुणी त्या दिवशी नापास झालेलं मी पाहिलं नाही. घरी पेढे वाटले गेले.

आठवड्याभरात साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे चढत होते. पुढची जीप थांबली म्हणून थांबले. जीप निघाली, मी क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि मागे येऊ लागली. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत ती चांगली दोन हात मागे आली होती. मागे परळीकडचे एक दूधवाले काका होते, शहरात दूध घालून मोटारसायकलला रिकाम्या किटल्या अडकवून घरी निघालेले. किटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला आणि माझ्या हातापायांतलं बळ गेलं. त्यांनी पाय टेकवून गाडी कशीबशी कडेला ओढली होती, म्हणून ते वाचले. खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, “ताई, लायसन हाय का?” आवाजात राग नव्हता, काळजी होती.

लायसन्स होतं, पर्समध्येच होतं. त्या दिवशी ते माझ्याकडे असायला नको होतं, असं मला आज ठामपणे वाटतं. ज्याला चढावर थांबून, गाडी मागे न येऊ देता पुन्हा निघता येत नाही आणि घाट उतरताना कोणता गियर हवा हे कळत नाही, त्याला सातारा जिल्ह्यात लायसन्स देऊ नये. परीक्षा चढावर आणि उतारावर घ्यावी. जो नापास होईल त्याला नापास करावं. यासाठी नवा कायदा करायची गरज नाही, कारण जुन्यातच हे सगळं लिहिलेलं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ एकदा वाचावा. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत काय काय पाहायचं याची लांबलचक यादी त्यात आहे. गाडी सुरू करण्याआधी आरसा लावून घेणं. सगळे गियर टाकत सफाईनं निघणं. उतारावर असताना झटकन खालचा गियर टाकणं. तीव्र चढावर थांबून, हँडब्रेकचा किंवा ब्रेक-ॲक्सिलरेटरचा नीट वापर करून, गाडी जराही मागे न जाऊ देता पुन्हा निघणं. ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं. पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यांपाशी नीट वागणं. अरुंद जागेत रिव्हर्स घेणं. तीन मिनिटांत सपाट मैदानावर यातलं काय पाहून होतं? उतार नाही, चढ नाही, ओव्हरटेक करायला दुसरं वाहन नाही, रस्ता ओलांडणारी म्हातारी नाही.

बाकीच्या महाराष्ट्रात हे एक वेळ चालून जाईल असंही मी म्हणणार नाही, पण साताऱ्यात तर मुळीच चालणार नाही. आमचं शहरच अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं आहे. जुने लोक आजही राजपथाला वरचा रस्ता म्हणतात आणि कर्मवीर पथाला खालचा रस्ता. या दोन रस्त्यांना जोडणारी प्रत्येक गल्ली म्हणजे एक चढ आहे. शहराबाहेर पडावं तर कासला जाताना यवतेश्वरचा घाट, वाईहून पाचगणीला पसरणी, मेढ्याहून महाबळेश्वरला केळघर, महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी, कोयनानगरहून चिपळूणला कुंभार्ली आणि पुण्याच्या वाटेवर खंबाटकी. इथल्या माणसाला घाट हा सहलीपुरता नसतो. दवाखान्याला, लग्नाला, बाजाराला, कामाला जायचं तरी घाटच ओलांडावा लागतो.

चढावर चुकलं तर गाडी दोन हात मागे येते. उतारावरची चूक याहून भयंकर असते, आणि ती करणाऱ्याला आपण चुकतो आहोत हे कळतही नाही.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. काही जण तर इंजिनच बंद करतात. पेट्रोल वाचतं म्हणतात. बाप मुलाला शिकवतो, मुलगा मित्राला. आता यात नेमकं काय होतं ते पाहा. गाडी गियरमध्ये असली की चाकं इंजिनाला जोडलेली राहतात आणि इंजिन त्यांना मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये ते ओढणं संपतं, आणि गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे तिच्या वेगाची उष्णता करतो. पसरणीसारख्या लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की ती उष्णता बाहेर पडायला सवड मिळत नाही. ब्रेकचे लायनर तापतात, त्यांची पकड सुटत जाते, पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. कास पठारावर फुलं असतात त्या दिवसांत यवतेश्वरचा घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या मागे उभं राहावं, जळक्या लायनरचा उग्र वास येतो. तो वास मी दर वर्षी घेते आणि दर वर्षी पोटात गोळा येतो.

इंजिन बंद केलं तर आणखी मोठा घात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला की त्यातला जोर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आणि ज्या पेट्रोलसाठी हे सारं करायचं ते तरी वाचतं का? आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंधन जवळजवळ तोडूनच टाकतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचवायला म्हणून केलेली गोष्ट खर्चाची आहे, शिवाय जिवावरची.

हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नाही, मामांनी शिकवलं. मामा एसटीत चालक होते. मेढ्याच्या वाटेनं महाबळेश्वरची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं नेली. बोगद्याजवळचा प्रकार ऐकल्यावर ते म्हणाले, “पोरी, तुझं लायसन ठेव पेटीत. चार रविवार माझ्याबरोबर चल.” पहिल्या रविवारी त्यांनी यवतेश्वरच्या पायथ्याला एका चढावर गाडी उभी करायला लावली आणि पुढचा तासभर मी त्या पन्नास पावलांच्या पलीकडे गेले नाही. हँडब्रेक ओढायचा, पहिला टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज बदलतो, गाडीचं नाक किंचित उचलतं, तेव्हा हँडब्रेक सोडायचा. पुन्हा थांबायचं, पुन्हा तेच. मला वाटतं, तीस-पस्तीस वेळा केलं असेल. दुसऱ्या रविवारी उतार. “ज्या गियरात चढलीस त्याच गियरात उतर,” हे त्यांचं एकच वाक्य, आणि घाटातल्या प्रत्येक जुन्या चालकाला ते ठाऊक असतं. वरून निघतानाच खालचा गियर टाकायचा, वेग वाढल्यावर धावाधाव करायची नाही. ब्रेक दाबायचा, सोडायचा, त्याला निवू द्यायचं. नियमाच्या पुस्तकातल्या एका ओळीत जे आहे ते शिकायला मला दोन रविवार लागले, आणि शिकवायला मुरलेला माणूस लागला.

मग क्लासात काय शिकवतात? सगळ्यांना एका मापानं मोजणं अन्याय होईल. मन लावून शिकवणारे सर मला माहीत आहेत. पण सर्वसाधारण रीत अशी की गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, आणि पहिले दहा-बारा दिवस तो सरांच्याच पायाखाली असतो. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग. त्याला वाटतं गाडी आपण चालवतोय. खरं तर तो फक्त वळवत असतो. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी तोलून धरणं, त्याच्या पायाला कधी कळतच नाही. नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलचं खासगी वाहनाचं शिक्षण किमान २१ दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. एका फेरीत तीन शिकाऊ बसवले आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं आली, तर २१ दिवसांत सात तास होतात, तेही एक दिवस न चुकता. बरं, ते सात तासही सपाट रस्त्यावर, कारण क्लासला मुलं पास करायची असतात आणि परीक्षा सपाटीवर होते. परीक्षेत चढ असता तर दुसऱ्याच दिवसापासून सगळ्या क्लासच्या गाड्या यवतेश्वरला दिसल्या असत्या. म्हणून मी क्लासवाल्यांना फार दोष देत नाही. परीक्षा बदलली की शिकवणी आपोआप बदलेल. दहावीच्या पेपरचं स्वरूप बदललं की गाइड बदलतात, हे आपण पाहतोच.

परीक्षा घेणाऱ्या निरीक्षकांचीही अडचण आहे. एका निरीक्षकापुढे दिवसात शंभर उमेदवार उभे राहिले, तर सहा तासांत एकेकाला साडेतीन मिनिटं येतात. त्यात नियम १५ ची यादी कोण कशी तपासणार? तेव्हा मनुष्यबळ वाढवा ही मागणी माझ्या म्हणण्यातच आहे, ती वेगळी नाही. आणि जिथे एजंटकडून कच्चं, पक्कं आणि क्लास मिळून एकच रक्कम ठरते, तिथे पैसे देणाऱ्यालाही वाटतं की पास होणं आपण विकत घेतलं आहे. नापास झाला तर तो एजंटशी भांडतो. हे भांडण टाळायचं म्हणून सगळेच पास.

यावर जे आक्षेप येतात ते मी बऱ्याच जणांकडून ऐकले आहेत, आणि त्यांतला एक मला खरोखर वजनदार वाटतो. माण किंवा खटावमधला एखादा शेतमजूर, ज्याला टेम्पोवर काम मिळणार आहे, तो एक दिवसाची मजुरी बुडवून परीक्षेला येतो. त्याला नापास केलं तर पुन्हा एक खाडा, पुन्हा एसटीचं भाडं. घाटातल्या परीक्षेचा आग्रह म्हणजे गाडी असलेल्या, सवड असलेल्या लोकांची चैन आहे, असं एका स्नेह्यांनी मला सुनावलं. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. पण बोगद्याच्या चढावर माझ्या मागे कोण होतं? किटल्या घेऊन घरी निघालेला दूधवालाच होता. न शिकलेल्या चालकाच्या पुढे-मागे बहुतेक वेळा दुचाकीवरचा, सायकलवरचा, पायी चालणारा माणूस असतो. एअरबॅगच्या आड बसलेल्याला कमी लागतं. सरकारी आकड्यांनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली १५ हजारांहून जास्त महाराष्ट्रात. गरिबाची सोय पाहायचीच असेल तर त्याचा जीवही त्या सोयीत धरायला हवा.

शिवाय नापास होणं कायद्यानं फार कठोर ठेवलेलं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा नापास झाला तरच शेवटच्या परीक्षेपासून साठ दिवस थांबावं लागतं. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. म्हणजे शिकायला, चुकायला, पुन्हा यायला पाच महिने हाताशी असतात. मजुराचा खाडा वाचवायचा तर परीक्षा त्याच्या तालुक्यात न्या. आरटीओचे कॅम्प तालुक्याच्या गावी लागतातच. ते वाढवा, दुसऱ्या परीक्षेची फी माफ करा. परीक्षा खोटी करून त्याचे पैसे वाचवू नका.

दुसरा आक्षेप बायकांच्या नावानं येतो. परीक्षा अवघड केली तर बायका मागे पडतील म्हणे. इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण माझा अनुभव अगदी उलटा आहे. माझ्या ओळखीत अशा कितीतरी बायका आहेत ज्यांचं लायसन्स कपाटात आहे. शिक्षिका आहेत, बँकेत आहेत, एक डॉक्टर आहे. क्लास लावला, पास झाल्या, पहिल्यांदा गर्दीत किंवा चढावर गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा मारा झाला, शेजारी बसलेला नवरा किंवा मुलगा ओरडला, आणि त्यानंतर किल्लीला हात लावला नाही. दहा-पंधरा वर्षं झाली. त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. कुणीतरी परीक्षेतच सांगायला हवं होतं, की बाई, अजून तुम्हाला चढ येत नाही, आठ दिवस सराव करून या. ते ऐकून वाईट वाटलं असतं, पण दोष सरावाचा आहे हे कळलं असतं, आणि सराव वाढवता येतो. सोप्या परीक्षेनं त्यांच्या हातात कार्ड दिलं आणि गाडी काढून घेतली. मला मामा भेटले नसते तर मीही त्याच कपाटात गेले असते. प्रत्येकीला एसटीतला मामा नसतो. ज्यांना नसतो त्यांच्यासाठीच परीक्षा चांगली हवी.

नव्या गाड्या चढावर आपोआप धरून ठेवतात, गियरही त्याच टाकतात, मग हे कशाला, असंही विचारतात. लायसन्स गाडी पाहून मिळत नाही. आज आपोआप गियर टाकणारी गाडी चालवणारा उद्या सासऱ्यांची पंधरा वर्षांची जुनी गाडी चालवतो. आणि उतारावर कोणता गियर हवा हे आपोआपवाल्यालाही समजावं लागतंच.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून कच्च्या लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. लांबच्या गावांतल्या लोकांचा हेलपाटा वाचला ही चांगलीच गोष्ट झाली, पण त्यामुळे पक्क्याच्या परीक्षेवरची जबाबदारी वाढली, कारण उमेदवाराला प्रत्यक्ष पाहण्याची आता ती एकच संधी उरली. त्याच वर्षी केंद्रानं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. हलक्या वाहनासाठी २९ तासांचं शिक्षण, ८ तास वर्गात, २१ तास प्रत्यक्ष, आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओतली परीक्षा माफ. एकवीस तास ऐकून मला आनंद झाला. माफी मात्र पटत नाही. जो फी घेऊन शिकवतो त्यानंच पास ठरवायचं, ही व्यवस्था चांगल्या माणसालाही मोहात पाडते. शिकवा तुम्ही, तपासू दे दुसऱ्याला.

खंबाटकीचं उदाहरण इथे बोलण्यासारखं आहे. बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडल्यावर उतारावर जे एस आकाराचं वळण आहे, त्यानं किती जीव घेतले हे इथल्या लोकांना तोंडपाठ आहे. एप्रिल २०१८ मध्ये पहाटेच्या अंधारात कर्नाटकातून कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो तिथेच उलटला, आणि त्या बातमीनं जिल्हा सुन्न झाला होता. वळण चुकीचं आहे हे मान्य झालं, म्हणून तिथे सहा पदरी नवा बोगदा हाती घेतला गेला. रस्त्याचा दोष काढायला डोंगर फोडायची आपली तयारी आहे. त्यापुढे मैदानाच्या कडेला मुरूम टाकून, वर काँक्रीट ओतून बारा-पंधरा मीटरचा एक चढ बांधायचा खर्च तो किती? तेवढाही नको असेल तर यवतेश्वरचा पायथा आहे. फुलांचे दिवस आणि शनिवार-रविवार सोडले तर सकाळी सात ते नऊ तो रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. एकेकाला वीस मिनिटं द्या. चढावर दोनदा थांबवा, उतारावर गियर बघा, रहदारीतून एकदा राजवाड्यापर्यंत नेऊन आणा. नापास केलं तर कशात चुकलं ते कागदावर लिहून द्या, म्हणजे एजंटनं सांगितलेली कारणं ऐकायची वेळ येणार नाही. आणि कुठल्या क्लासची किती मुलं पहिल्या वेळी पास झाली याचा फलक दर सहा महिन्यांनी कार्यालयाबाहेर लावा. आईबाप क्लास निवडताना तो वाचतील.

आईबापांबद्दलही एक सांगायचं आहे. आपल्याला मुलांना गाडी देण्याची फार घाई असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. एवढं कडक कलम करावं लागलं, कारण घरात कुणी नाही म्हणत नाही. अठरा पूर्ण झाल्यावरही घाई संपत नाही. वाढदिवसाच्या आठवड्यात कच्चं आणि एकतिसाव्या दिवशी पक्कं, असा हिशेब लावला जातो.

माझी मुलगी या वर्षी अठरा पूर्ण झाली. कच्चं लायसन्स आलं, गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावला, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी यवतेश्वरच्या पायथ्याला जातो. मामा आता थकलेत, तरी मागच्या सीटवर येऊन बसतात आणि इंजिनाचा आवाज ऐकतात. तिची पक्क्याची तारीख पुढच्या मंगळवारची होती. क्लासचे सर म्हणाले, ती आरामात पास होईल, आणि ते खरंच आहे. पण काल चढावर थांबवली तेव्हा गाडी वीतभर मागे आली. मामांनी मागून एवढंच म्हटलं, “अजून नाय.” रात्री तिनं स्वतःच मोबाइल काढला आणि तारीख महिनाभर पुढे नेली.